खोबरेल : डोक्यात घालायचं की कढईत?

हेअर मास्कपासून ब्लॅक कॉफीपर्यंत, सध्या जिकडे बघावं तिकडे एकच तेल! पण नारळाचं झाड शोधावं लागेल अशा वर्ध्यात, तेलाच्या प्रश्नावर नव्वद वर्षांपूर्वीच भलताच सीरियस विचार झालाय. म्हटलं, एकदा दोन्हीकडचं ऐकून घेऊ.

तुमच्या ऑफिसात एक तरी असा सहकारी असेलच. सकाळी साडेनऊला पॅन्ट्रीत येतो, ब्लॅक कॉफी करतो आणि तिच्यात चमचाभर खोबरेल तेल ढवळतो. 'एनर्जी मिळते यार, वेटही कमी होतं!' पलीकडच्या डेस्कवरची मुलगी त्याच तेलाने मेकअप काढते. तिची फ्लॅटमेट त्याच तेलाच्या चुळा भरते (त्याला 'ऑइल पुलिंग' म्हणायचं, चुळा म्हणायचं नाही). आणि जिमच्या ट्रेनरने तर फर्मानच काढलंय, बाकी सगळी तेलं बंद, भाजी फक्त 'व्हर्जिन कोकोनट ऑइल'मध्ये.

थोडक्यात काय, तर आजीच्या फडताळातलं खोबरेल आता फुल्ल ग्लॅमरमध्ये आहे. काचेची बरणी, सोनेरी झाकण, वर 'कोल्ड प्रेस्ड'चा शिक्का आणि खाली अशी किंमत की चमचा पुसूनच घ्यावा!

आता यात माझं काय? मी वर्ध्याची. म्हणजे कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या जिल्ह्यातली. आमच्याकडे नारळ येतो तो देवळापुरता, नाहीतर सुक्या खोबऱ्याची वाटी होऊन रश्शाच्या मसाल्यात. खोबरेल तेल म्हणजे फक्त डोक्याला. डिसेंबरच्या थंडीत ते बाटलीत गोठायचं, मग आई बाटली उन्हात ठेवायची आणि तोवर आंघोळ थांबायची. (खोबरेल साधारण 24-25 अंशांच्या खाली घट्ट होतं. गोठलं म्हणजे शुद्ध आणि नाही गोठलं म्हणजे भेसळ, एवढं सोपं मात्र नाही बरं का!) स्वयंपाकघरात असायचं ते फल्लीचं तेल, म्हणजे तुमच्या भाषेत शेंगदाण्याचं. त्याआधीच्या पिढीत जवसाचं. जवसाचं तेल आता आमच्याकडून जवळजवळ गेलंच, चटणी तेवढी राहिली.

बाबांचा प्रश्न

हा विषय मी हातात घेतला तो मात्र फॅशन म्हणून नाही. माझे बाबा एकसष्ट वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी त्यांना एक स्टेंट बसली. तेव्हापासून घरात कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट हा मार्कशीटसारखा वाचला जातो. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला. 'अगं, ग्रुपवर आलं आहे. खोबऱ्याचं तेल खाल्लं की हार्टचा त्रास होत नाही म्हणते. गोळीही बंद करता येते म्हणते. तू पेपरात लिहितेस ना, मग सांग. आणू का पाच लिटर?'

मागून आईचा आवाज. 'आधी तिले विचारा, मग डबा आणा. डोक्याचं तेल पोटात कायले घालता बाप्पा!'

मास कॉमची डिग्री घेतलेल्या मुलीला घरच्यांनी इतक्या गांभीर्याने विचारलेला हा पहिलाच प्रश्न. 'मला वाटतं' हे उत्तर चालण्यासारखं नव्हतं. मग बसले वाचत, विचारत.

डोक्यावर : फर्स्ट क्लास

आधी चांगली बातमी. केसांच्या बाबतीत आपल्या आज्या-पणज्यांचं बरोबर होतं, आणि त्याला शास्त्राचा आधारही आहे. 2003 मध्ये 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा अभ्यास आला. त्यांनी मिनरल ऑइल, सूर्यफुलाचं तेल आणि खोबरेल या तिघांची तुलना केली. धुताना-विंचरताना केसातलं प्रोटीन निघून जातं. ते नुकसान लक्षात येण्याइतकं कमी केलं फक्त खोबरेलाने. डोकं धुण्याआधी लावलं तरी आणि धुतल्यानंतर लावलं तरी.

कारण साधं आहे. खोबरेलात जवळपास निम्मं असतं लॉरिक अॅसिड. त्याचा रेणू लहान आणि सरळ. त्यामुळे ते केसाच्या आत शिरू शकतं. बाकीची दोन तेलं बहुतांशी वरच्यावरच राहतात. एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी, हे दोघं संशोधक होते 'मॅरिको'चे, म्हणजे खोबरेल विकणाऱ्या कंपनीचेच! तरीही या अभ्यासाचा दाखला आजवर जगभर दिला जातो.

कोरड्या त्वचेलाही खोबरेल मानवतं. 2014 मध्ये फिलिपिन्समध्ये अॅटोपिक डर्मटायटिस, म्हणजे एक प्रकारचा एक्झिमा असलेल्या मुलांवर चाचणी झाली. तिथे व्हर्जिन खोबरेल मिनरल ऑइलपेक्षा सरस ठरलं. वर्ध्याच्या हिवाळ्यात पायाच्या भेगांना आई लावते, ते उगाच नाही!

पण थांबा. चेहरा तेलकट असेल, पिंपल्स येत असतील, तर रात्रभर खोबरेल चोपडून झोपू नका. छिद्रं बुजतात आणि सकाळी आरशात नवा पाहुणा दिसतो. डोक्यात कोंडा असेल तरी जपून. कोंड्याशी संबंधित जी मॅलेसेझिया नावाची बुरशी असते, तिला तेलातली फॅटी अॅसिड्स म्हणजे मेजवानीच. आणि टक्कल पडलेल्या जागी खोबरेलाने नवे केस उगवतात, याला ठोस पुरावा नाही. सनस्क्रीनऐवजी खोबरेल तर विसराच, विशेषतः पारा 45 च्या पुढे जाणाऱ्या गावात. राहिलं ऑइल पुलिंग. काही छोट्या अभ्यासांत त्याने दातांवरचा थर थोडा कमी झालेला दिसलाय. पण ब्रशला तो पर्याय नाही.

एक बाटली, दोन नावं

एक गंमत करा. घरातली साध्या खोबरेलाची बाटली उलटीपालटी करून नीट वाचा. बऱ्याच बाटल्यांवर केसांचा फोटो, 'हेअर ऑइल' असा शब्द काहीच नसतं. उलट खाद्यपदार्थावर असतो तो हिरवा ठिपका असतो! आपण आयुष्यभर डोक्याला लावलं ते कागदोपत्री खाद्यतेल.

ही भानगड कराची. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा खाद्यतेलावर 5 टक्के आणि हेअर ऑइलवर 18 टक्के होता. त्याच्या आधीपासून, अबकारी कराच्या काळापासूनच, छोट्या बाटलीतलं खोबरेल कशात मोडतं यावर सरकार आणि उत्पादक भांडत होते. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. अखेर 18 डिसेंबर 2024 ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने निकाल दिला की बाटली लहान आहे एवढ्यावरून ते हेअर ऑइल ठरत नाही. लेबल आणि पॅकिंगवरून तसं दिसत नसेल तर शुद्ध खोबरेल हे खाद्यतेलच. मग 22 सप्टेंबर 2025 पासून हेअर ऑइलवरचा जीएसटीही 5 टक्क्यांवर आला आणि भांडणातली हवाच गेली.

तर कायद्याने खोबरेल खाता येतं. केरळात, गोव्यात, आपल्या तळकोकणात लोक ते पिढ्यान्‌पिढ्या खातातच. पण बाबांनी विचारलं होतं ते वेगळंच. खाल्लं तर हार्टला चालेल का?

कढईत : जरा जपून

इथे आकडे बघावेच लागतात. पण सोपे आहेत.

खोबरेलातलं साधारण 85 ते 90 टक्के फॅट हे सॅच्युरेटेड असतं. म्हणजे एक मोठा चमचा खोबरेल, अंदाजे 14 ग्रॅम, घेतलं की त्यातलं 12 ग्रॅमच्या आसपास सॅच्युरेटेड. तेवढ्याच शेंगदाणा तेलात ते अडीच ग्रॅमच्या आसपास, आणि जवसाच्या तेलात तर सव्वा-दीड ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसाच्या एकूण कॅलरीजपैकी सॅच्युरेटेड फॅटचा वाटा 10 टक्क्यांच्या आत ठेवा. 2000 कॅलरीज खाणाऱ्यासाठी हे झाले 22 ग्रॅम. म्हणजे दोन चमचे खोबरेल आणि दिवसाचा कोटा खलास! दूध, दही, तूप, ऑफिसातलं चीज सँडविच अजून बाकीच आहे.

2020 मध्ये 'सर्क्युलेशन' या हृदयविषयक जर्नलमध्ये 16 चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सोयाबीन, सूर्यफूल, ऑलिव्हसारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सरासरी 10 मिलिग्रॅमने वाढवलेलं दिसलं. चांगलं म्हणजे एचडीएलही वाढलं, पण 4 मिलिग्रॅमने. फॉरवर्डवाले यातलं फक्त दुसरं वाक्य सांगतात.

मग 'वेट लॉस'चं काय? ते प्रकरण नावाच्या गोंधळातून आलंय. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात मारी-पिएर सेंट-ऑन्ज यांनी 'मीडियम चेन' फॅट्सवर अभ्यास केले आणि त्यात वजनाच्या दृष्टीने काही फायदे दिसले. पण त्यांनी वापरलं ते खास बनवलेलं, पूर्ण मीडियम चेनचं तेल. खोबरेलात त्या लहान साखळ्यांचा वाटा असतो जेमतेम 15 टक्के. लोकांनी रिझल्ट त्या तेलाचा उचलला आणि लेबल या बाटलीला चिकटवलं. खुद्द सेंट-ऑन्ज यांनीच नंतर हे स्पष्ट केलं.

दुसरं टोकही आहे म्हणा. 2018 मध्ये हार्वर्डशी संबंधित प्राध्यापिका करिन मिशेल्स यांनी जर्मनीतल्या एका व्याख्यानात खोबरेलाला चक्क 'निव्वळ विष' म्हटलं. त्यावर आपल्याकडे प्रचंड गदारोळ झाला. विष कसलं! पॅसिफिकमधल्या टोकेलाऊ आणि पुकापुका बेटांवरच्या लोकांचा अभ्यास इयन प्रायर यांनी 1981 मध्ये मांडला. ही माणसं नारळावरच जगायची आणि तरी त्यांच्यात हृदयविकार फारसा नव्हता. पण ती खायची अख्खा ओला नारळ, सोबत मासे. साखर अगदी कमी, आणि दिवसभर अंगमेहनत. आठ तास खुर्चीत, दोन तास ट्रॅफिकमध्ये आणि वरून बरणीतून चमचा, हे त्यांचं शेड्यूल नव्हतं.

म्हणजे मालवणच्या माणसाने माशाच्या कालवणात नारळ घातला तर त्यात गैर काही नाही. पण स्टेंट बसलेल्या वर्धेकराने औषध समजून रोजची फोडणी खोबरेलात सुरू करणं, गोळी बंद करणं, हे मात्र चालणार नाही. बाबांच्या डॉक्टरांनीही हेच सांगितलं, आणि फोनवर दोन मिनिटं शांतताच होती.

मगनवाडीचा घाणा

शांतता मोडली बाबांनीच. 'पण हे घाण्याचं आहे म्हणते. घाण्याचं तरी चालते ना?'

आता आला का मुद्दा! कारण 'लाकडी घाणा' हा सध्याचा सगळ्यात मोठा फंडा, आणि त्याचं एक मूळ आमच्या वर्ध्यात आहे.

डिसेंबर 1934 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचं ठाणं वर्ध्यात, मगनवाडीत. जागा दिली जमनालाल बजाज यांनी, नाव मगनलाल गांधींचं, आणि सूत्रं जे. सी. कुमारप्पांकडे. हातकागद, मधमाश्या, गूळ यांच्या बरोबरीने तिथे एका गोष्टीवर जोरदार काम झालं, ती म्हणजे तेलघाणी. गिरण्यांच्या तेलापुढे गावोगावचे तेली हटत चालले होते. झवेरभाई पटेल यांनी मगनवाडीत जुन्या घाण्यांचा अभ्यास करून सुधारित घाणा तयार केला. एका वेळी जास्त बी मावेल आणि जास्त तेल निघेल असा. तोच पुढे देशभर 'वर्धा घाणी' म्हणून ओळखला गेला. तेलबियांचे नामवंत अभ्यासक के. टी. अचया यांनी 1993 मध्ये घाण्यावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यातही या वर्धा घाणीची नोंद आहे.

आणि एक मस्त योगायोग. 1935 मध्ये याच मगनवाडीत गांधीजींनी आश्रमवासीयांच्या जेवणात सोयाबीनचा प्रयोग केला होता आणि त्याबद्दल 'हरिजन'मध्ये लिहिलंही होतं. तेव्हा इथे कुणाला ते पीक फारसं माहीत नव्हतं. आज जिल्ह्यात कुठल्याही रस्त्याने जा, पावसाळ्यात दोन्ही बाजूला सोयाबीन! आणि घरोघरी पाकिटातलं रिफाइंड सोयाबीन तेल.

मगनवाडीचं म्हणणं काय होतं? तेल ताजं हवं, शुद्ध हवं, जवळ काढलेलं हवं. घाण्याचं तेल फार दिवस टिकवून लांब पाठवायचं नसतं. गावातलं बी, गावातला तेली, ढेप गावातल्याच गुराला. घाण्याच्या ढेपेत तेल जास्त राहतं म्हणून गिरणीवाले त्याला नुकसान म्हणत. मगनवाडीचा हिशोब असा की ते तेल वाया जात नाही, गाईच्या पोटात जातं. शिवाय तेल्याच्या घरात चूल पेटते, ते वेगळंच.

हे सगळं आजही पटतं. घाण्याच्या तेलाला वास असतो, चव असते, रिफायनिंगमध्ये कमी होणारं व्हिटॅमिन ई त्यात बऱ्यापैकी राहतं. आणि तुमच्या डोळ्यांदेखत बी पडताना दिसतं. पण घाणा एक गोष्ट करू शकत नाही. तो तेलाची जात बदलत नाही! खोबरं लाकडी घाण्यात पिळा, लोखंडी एक्स्पेलरमध्ये पिळा, नाहीतर ओल्या नारळाच्या दुधातून 'व्हर्जिन' काढा, सॅच्युरेटेड फॅट तेवढंच राहणार. 'कोल्ड प्रेस्ड' हे तेल कसं काढलं त्याचं वर्णन आहे. तुमच्या रक्तवाहिन्यांना दिलेली गॅरंटी नाही.

मगनवाडी आजही आहे बरं का. 1938 मध्ये गांधीजींनी उद्घाटन केलेलं मगन संग्रहालय तिथेच आहे. आणि ग्रामोद्योगावरचं जुनं संशोधन केंद्र 2008 पासून महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था, म्हणजे 'एमगिरी', या नावाने काम करतंय. सेवाग्रामला वीकएण्ड ट्रिप करताना लोक बापू कुटीसमोर फोटो काढून परततात. पुढच्या वेळी गावातच असलेल्या मगनवाडीलाही तासभर द्या.

मग घरी काय ठरलं?

पाच लिटरचा डबा आला नाही. गोळी चालू आहे. आईने घाण्यावरून फल्लीचं तेल आणायला सुरुवात केली, थोडं थोडं, महिन्याला पुरेल इतकंच. जवसाची चटणी रोजच्या ताटात परत आली. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त ओमेगा-3 असतं, पण ते कच्चंच बरं. तापवलं की ते लवकर खराब होतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचा बदल अगदीच अनग्लॅमरस आहे, मोजमाप! बैठं काम करणाऱ्याला रोज 20 ते 25 ग्रॅम दिसणारं तेल-तूप पुरे, हे आहारतज्ज्ञांचं गणित. म्हणजे दोघांच्या घराला महिन्याला साधारण दीड लिटर. आईने डब्यावर पेनाने खूण केली. पहिल्या महिन्यात पंधरा तारखेलाच तेल खुणेखाली गेलं. दुसऱ्या महिन्यात बावीस तारखेला. 'भजे बंद झाले म्हणून,' बाबा सांगतात. आवाजात दुःख असतं, पण रिपोर्टची वाट आता ते पूर्वीइतकी धास्तावून बघत नाहीत.

आणि तुम्ही-आम्ही? नऊ ते सात घाण्याला जुंपलेले बैलच की! गोल गोल फिरून जो पगार हातात येतो, तो सोनेरी झाकणाच्या बरणीवर उधळायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. रविवारी सकाळी कोमट खोबरेलाने मालिश, मग मस्त आंघोळ, एवढा स्पा त्या बरणीशिवायही होतो. कॉफीत मात्र कॉफीच बरी.

झटपट टिप्स

• केस धुण्याच्या तासभर आधी खोबरेल लावा. थोडंच. टपकेपर्यंत नको.

• पिंपल्स किंवा कोंडा असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना विचारा.

• स्वयंपाकात खोबरेल आवडत असेल तर चवीपुरतं, एखाद्या पदार्थात. रोजची सगळी फोडणी त्यात नको.

• एकाच तेलावर अडून राहू नका. शेंगदाणा, करडई, सोयाबीन, तीळ यांत आलटून-पालटून वापरा.

• घाण्याचं तेल थोडं आणा, अंधाऱ्या-थंड जागी ठेवा, खवट वास आला की टाकून द्या. तळलेलं तेल पुन्हापुन्हा तापवू नका.

• डब्यावर खूण करा. 'कुठलं तेल' याच्याइतकंच 'किती तेल' महत्त्वाचं आहे.

• कोलेस्टेरॉल, बीपी, शुगरची गोळी चालू असेल तर कुठल्याही फॉरवर्डच्या भरवशावर ती बंद करू नका. आधी डॉक्टर, मग ग्रुप!